वर्षाला एक ग्रॅम जस्त

घरात आपण जी वीज वापरतो, तिच्यातली सर्वांत महाग वीज भिंतीवरच्या घड्याळासारख्या वस्तूंत असते. हिशेब करून बघा. साधा पेन्सिल सेल पंधरा-वीस रुपयांना मिळतो आणि त्यातून साधारण १ वॉट-तास ऊर्जा निघते. असे १,००० सेल आणले तेव्हा कुठे १ युनिट वीज होते. म्हणजे युनिटला पंधरा ते वीस हजार रुपये पडले. एका सेलमधली सगळी वीज छताचा जुना पंखा मिनिटभरात संपवून टाकतो. महावितरणच्या बिलात युनिटमागे थोडे पैसे वाढले तरी घरोघर चर्चा होते, पण सेलच्या विजेचा भाव कोणी विचारत नाही. तो विचारावा असंही मला वाटत नाही, कारण ते पैसे आपण विजेसाठी मोजतच नाही. तारेपासून लांब जाता यावं म्हणून मोजतो.

माझी उभी नोकरी तुमसर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. भंडारा जिल्हा हा धानाचा आणि जंगलाचा. इथे तार सगळीकडे पोचत नाही, आणि पोचली तरी ती हवी तेव्हा हाती लागत नाही. शेतीपंपाची वीज पाळीने येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बाराला उठून बांधावर जातो. मण्यार बाहेर पडते ती रात्रीच. अशा वेळी त्याच्या हातातली बॅटरी दोन सेलची की तीन सेलची, आणि सेल ताजे की उतरलेले, हा प्रश्न जिवाचा असतो. मोबाइलचा दिवा असतोच, पण चिखलात एका हाताने फावडं धरून दुसऱ्या हाताने बारा-पंधरा हजारांचा फोन कोण धरेल?

शिक्षकाला निवडणुकीची ड्युटी चुकत नाही, मलाही चुकली नाही. मतदानयंत्राला विजेचं कनेक्शन लागत नाही, हे अनेकांना अजून माहीत नसतं. कंट्रोल युनिटमध्ये बॅटरीचा स्वतंत्र पॅक असतो; भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या यंत्रं बनवतात आणि हे पॅकही त्याच जुळवतात. मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटलाही आपला वेगळा पॅक. म्हणून खांब नसलेल्या पाड्यावरही शहरातल्यासारखंच मतदान होतं. रस्ता संपतो त्या गावी झोनल अधिकाऱ्याच्या गाडीतून उतरून, शाळेच्या पडवीत यंत्र मांडून, बीप ऐकू आला की मला दर वेळी या बॅटरीबद्दल आदर वाटायचा.

मुलांना साधा सेल मी फळ्यावरच्या आकृतीत कधीच शिकवला नाही. मोठा, जुना, वापरून संपलेला साधा सेल घ्यायचा आणि हातमोजे घालून पक्कडीने उघडायचा. (हे फक्त साध्या कार्बन-जस्त सेलचंच आणि शिक्षकांनीच करायचं. अल्कलाइन, लिथियम किंवा चार्जिंगचा सेल कधीही उघडायचा नाही.) वरचं पत्र्याचं रंगीत वेष्टण निघतं. त्याच्या आत दुसरा डबा लागतो, करड्या रंगाचा, मऊ, पक्कडीने सहज वाकणारा. ते जस्त. सेलचं ऋण टोक म्हणजे हा डबाच. नवा असताना तो एकसारखा जाड असतो. संपलेल्या सेलचा डबा उजेडासमोर धरला की मुलं ओरडतात, कारण त्याला टाचणीएवढी भोकं पडलेली असतात. काही ठिकाणी तो कागदासारखा होऊन चुरगळतो. त्याच्या आतल्या बाजूला लगद्यात भिजलेला कागद, कागदाच्या आत काळाकुट्ट दाबून भरलेला मसाला, आणि मसाल्याच्या मधोमध कार्बनची कांडी. तिच्या डोक्यावर धातूची टोपी. ती टोपी म्हणजे धन टोक. काळा मसाला मँगनीज डायऑक्साइड आणि बारीक कार्बनचा. बोटांना लागला तर साबणाने धुतला तरी लवकर जात नाही.

एकदा वर्गात एका मुलाने तो मसाला बघितला आणि पटकन म्हणाला, "हे त आपल्या डोंगरीचं मॅग्नीज व्हय ना जी, मॅडम?" त्याचे वडील खाणीत होते. पोराने रंगावरून ओळखलं आणि बरोबर ओळखलं. आमच्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग इथे मॉइलची उघडी खाण आहे. मॉइल म्हणजे नागपुरात मुख्य कार्यालय असलेली सरकारी मँगनीज कंपनी. तिची मुळं १८९६ साली इंग्रजांच्या काळात सुरू झालेल्या खाणउद्योगात आहेत. देशातलं बहुतेक मँगनीज पोलादाकडे जातं. पण डोंगरीतून मँगनीज डायऑक्साइडचं जे खनिज निघतं ते कोरड्या सेलच्या कारखान्यांना लागतं, आणि तिथेच विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा प्रकल्पही आहे. तुमच्या रिमोटमधल्या सेलमध्ये नेमका आमच्याच डोंगराचा दगड असेल असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलाने वर्गात उभं राहून ते विचारलं, त्या दिवसापासून सेल हा माझ्यासाठी दुकानातल्या बरणीतला माल राहिला नाही.

सेलमध्ये वीज भरून ठेवलेली नसते. त्यात धातू असतो, आणि तो झिजताना वीज निर्माण होते. जस्ताचे अणू लगद्यात विरघळतात आणि जाताना इलेक्ट्रॉन मागे सोडतात. ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून, बल्बमधून किंवा घड्याळातून फिरून कार्बनच्या कांडीमार्गे मँगनीज डायऑक्साइडला जाऊन मिळतात. बटण बंद असलं की त्यांची बाहेरची वाट बंद, म्हणून जस्ताचं झिजणंही जवळजवळ थांबतं. पूर्ण थांबत नाही. म्हणून तर दुकानात पडून राहिलेला सेलही हळूहळू उतरतो. एक ग्रॅम जस्त संपूर्ण झिजलं तर सुमारे ०.८२ अँपिअर-तास वीज देतं. भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ सरासरी ०.१ मिलिअँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह घेतं. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार करा: घड्याळ वर्षाला साधारण एक ग्रॅम जस्त खातं. टिक टिक करत, एकसारखं, वर्षभर.

हा डबा बनायला बराच काळ गेला. व्होल्टाने १८०० साली धातूच्या चकत्यांची चळत रचून पहिली बॅटरी केली. १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेने जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचं पाणी यांचा घट बनवला. तो तारायंत्रांत आणि दारावरच्या घंट्यांत चालला. पण ती काचेची बरणी होती, कलंडली की नवसागराचं पाणी जमिनीवर. जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या कार्ल गासनरने १८८६ साली दोन गोष्टी एकदम केल्या. जस्ताचाच डबा केला, म्हणजे वेगळी बरणी लागली नाही. आणि नवसागराच्या पाण्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून त्याचा लगदा केला, म्हणजे सांडण्यासारखं काही उरलं नाही. लगदा ओलसर असतोच, तो पूर्ण सुकला तर सेल बंद पडेल. पण आता सेल आडवा धरा, उलटा धरा, खिशात टाका. १८९९ मध्ये अमेरिकेत नळीच्या आकाराच्या टॉर्चचं पेटंट झालं, आणि सेल खऱ्या अर्थाने माणसाच्या हातात आला. व्होल्टाचं नाव सगळे घेतात. माझ्या मते रात्री बांधावर चालणाऱ्या माणसावर जास्त उपकार गासनरचे आहेत.

आपल्याकडे कित्येक वर्षं सेल म्हणजे एव्हरेडी, आणि ती ज्या कंपनीची होती ती युनियन कार्बाइड इंडिया. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तोही तिचाच. १९९४ साली कंपनी कोलकात्याच्या चहा उद्योगातल्या समूहाने घेतली. गावागावांत उजेड नेणारा सेल आणि ती रात्र एकाच घरातून आली, हे मी मुलांना सांगत असे. रसायनशास्त्र शिकवायचं तर हेही शिकवायला हवं.

आता उन्हाबद्दल. आमच्या सासूबाई उतरलेले सेल अंगणात उन्हात मांडून ठेवत, आणि संध्याकाळी बॅटरी खरंच थोडी उजळायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे झालेलं आहे. उन्हाने सेलमध्ये वीज भरत नाही. पण टॉर्च सलग पेटती ठेवली की मसाल्याच्या आतल्या भागात रसायनं नीट पोचत नाहीत, झिजलेल्या जस्ताचे अवशेष त्याच्याभोवती साचतात आणि सेलचा आतला अडथळा वाढतो. जस्त शिल्लक असतं, मँगनीज डायऑक्साइडही असतं, पण एकमेकांशी गाठ पडत नाही. नुसता वेळ दिला तरी ती साचण काही प्रमाणात विरते. ऊब मिळाली की लगद्यातली हालचाल वाढते आणि अडथळा कमी होतो. सासूबाईंच्या उन्हाने दोन्ही एकदम मिळायचं, वेळही आणि ऊबही. चांगल्या सेलला मात्र ऊन लावू नका, उष्णतेत तो पडल्या पडल्याच जास्त वेगाने उतरतो. मुलं पेन्सिल सेल दाताने चावतात, त्यालाही कारण आहे: दाबामुळे सैल झालेला मसाला पुन्हा कांडीला चिकटतो. पण संपत आलेल्या सेलचं जस्त किती पातळ झालेलं असतं ते वर सांगितलंच. ते फाटलं तर आतला लगदा तोंडात येतो. हे मुलांना थांबवून सांगायला हवं.

त्या उन्हापेक्षाही सासूबाईंची दुसरी सवय शहाणपणाची होती. टॉर्चमधून काढलेले सेल त्या रेडिओत घालत. त्या वेळच्या टॉर्चचा बल्ब २.५ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा, भुकेला. ट्रान्झिस्टर हळू आवाजात त्याच्या कितीतरी कमी प्रवाहात चालायचा. टॉर्चने नाकारलेला सेल त्यावर आकाशवाणीच्या बातम्या आणखी पुष्कळ दिवस ऐकवायचा. आजही खेळण्यातली मोटार ज्या पेन्सिल सेलवर चालेनाशी होते, तो सेल घड्याळात घाला; बहुतेक वेळा तो काही महिने घड्याळ चालवतो. आपण सेल संपला म्हणतो, तेव्हा तो त्या वस्तूपुरता संपलेला असतो. नुसता मीटर लावून बघितलं तरी फसगत होते: कामातून काढून ठेवलेला सेल मीटरवर १.३ व्होल्ट दाखवेल आणि टॉर्चमध्ये घालताच कोसळेल. प्रवाह घेताना व्होल्ट किती टिकतात, ते खरं माप.

साधा आणि अल्कलाइन, यांतला फरक किमतीवरून लक्षात येतो, पण कारण दुकानदार सांगत नाही. कॅनडाचे लुइस उरी हे अमेरिकेत ओहायोमधल्या एव्हरेडीच्या प्रयोगशाळेत साधा सेल सुधारायला गेले आणि १९५० च्या दशकात त्यांनी त्याची मांडणीच उलटी केली. जस्ताचा डबा न करता त्यांनी जस्ताची पूड केली आणि ती मधोमध भरली. मँगनीज डायऑक्साइड बाहेरच्या बाजूला. नवसागराऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड. गुळाचा खडा पाण्यात विरघळायला वेळ लागतो आणि किसलेला गूळ लगेच विरघळतो, तसं पुडीच्या जस्ताला लगद्याशी भिडायला जागाच जागा मिळते. म्हणून जास्त प्रवाह ओढला तरी तो दम टाकत नाही. वरिष्ठांना पटवण्यासाठी उरींनी खेळण्यातल्या दोन मोटारी सोडल्या, एकीत जुना सेल, एकीत आपला. जुन्याची मोटार लवकरच थांबली, त्यांची चालतच राहिली. साध्या पेन्सिल सेलमधून फार तर १,००० मिलिअँपिअर-तास मिळतात. चांगला अल्कलाइन सेल हळू वापरात २,००० च्या वर देतो.

वेष्टणावर बारीक अक्षरांत खूण असते. आर ६ म्हणजे साधा पेन्सिल सेल, एलआर ६ म्हणजे त्याच मापाचा अल्कलाइन. आर २० हा टॉर्चचा मोठा. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ६ एफ २२ दिसतं, कारण तिच्या आत सहा चपटे सेल एकावर एक बसवलेले असतात. मुलांच्या धावत्या खेळण्यांना, फ्लॅशला, रक्तदाब मोजायच्या यंत्राला अल्कलाइन घ्या किंवा निकेल-मेटल हायड्राइडचे चार्जिंगचे सेल घ्या, हे १.२ व्होल्टचे असले तरी जोरकस कामात टिकतात आणि शेकडो वेळा भरता येतात. रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, यांना साधा सेल पुरतो. माझं मत विचाराल तर घड्याळात अल्कलाइन घालूच नये. तो दोन-तीन वर्षं चालतो, आपण विसरून जातो, आणि एक दिवस मागच्या कप्प्यात पांढरा भुगा दिसतो. तो पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून झालेला क्षार. तो अल्कधर्मी, म्हणून कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसायचा, हातमोजे घालून. साध्या सेलचं गळणं आम्लधर्मी असतं. त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. दिवाळीच्या साफसफाईत घड्याळं उतरतातच, तेव्हा मागचा कप्पा उघडून बघावा एवढं पुरे. आणि जुना सेल नव्याबरोबर कधी जोडू नका. तगडा सेल उतरलेल्यातून बळजबरीने प्रवाह ढकलत राहतो आणि उतरलेलाच आधी फुटतो.

अल्कलाइन सेल संपला का ते बघायला तो टेबलावर दोन-तीन सेंटिमीटरवरून उभा सोडायचा. जो टणकन उडतो तो संपला, असं मुलं मोबाइलवर बघून आली होती. खरं म्हणजे मधल्या जस्ताच्या ओलसर पुडीचं जसजसं कडक झिंक ऑक्साइड होत जातं तसतसा सेल जास्त उडतो, पण २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की ही उडी अर्धा सेल वापरून होईपर्यंतच वाढते, पुढे तशीच राहते. म्हणजे उडणारा सेल ताजा नाही, इतकंच कळतं. फेकून देण्याइतकं ते पुरेसं नाही.

आणि फेकायचा तरी कुठे? आमच्या लहानपणी फळा फिका पडला की जुन्या सेलचा काळा मसाला पाल्याच्या रसात कालवून फळ्याला चोळत. मँगनीजची धूळ फुप्फुसांसाठी वाईट, म्हणून आज मी ते कोणाला करू देणार नाही. पण तेव्हा निदान सेल उकिरड्यावर जात नव्हता. आज तो ओल्या कचऱ्यात जातो किंवा शेकोटीत, आणि शेकोटीत तो फुटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत हे छोटे सेलही आले आहेत. बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांनी ते परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायचे, अशी जबाबदारी त्यांच्यावर आहे. सेलवरची फुली मारलेल्या कचरापेटीची खूण सांगते की तो घरच्या कचऱ्यात टाकायचा नाही. पण तालुक्याच्या बाजारात सेल विकणारी दुकानं पावलोपावली आणि परत घेणारं एकही नाही, याचा मला राग येतो. जस्त आणि मँगनीज दोन्ही परत मिळवता येतात. आम्ही शाळेत खोका ठेवला होता आणि भरला की तो नागपूरच्या अधिकृत संकलन केंद्रात पोचवत असू. हे प्रत्येक किराणा दुकानात व्हायला हवं. सेल विकणाऱ्याला खोका ठेवायला जागा नाही हे मला पटत नाही. खोक्यात टाकण्याआधी नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, किल्ली किंवा घासणीची तार आडवी पडली तर ती तापून आग लागते. बटणासारख्या सेललाही पट्टी लावा.

या बटण सेलबद्दल लहान मुलं असलेल्या घरांनी वेगळं लक्षात ठेवायला हवं. सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड आणि ३ व्होल्टचा. गाडीच्या किल्लीत, वजनकाट्यात, दिवाळीच्या पणतीसारख्या दिव्यांत तो असतो. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या ऊतींमधून विद्युतप्रवाह सुरू होतो, ऋण बाजूला तीव्र अल्क तयार होतं आणि दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. काट्यातून काढलेला, कामातून गेलेला सेलही हे करू शकतो. वजनकाट्याला न पुरणारी वीज एवढ्या इजेला पुरते. उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो. नीट बघितलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं. गिळलेली वस्तू बटण सेल असू शकते, हे डॉक्टरांना दारातच सांगा, आणि घरात तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट असेल तर बरोबर घेऊन जा.